रंगाचे पाठभेद: अजिंठ्याच्या छापील आणि पडद्यावरील प्रतिमांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

दौंड तालुक्यातील भांडगाव हे पुणे–सोलापूर महामार्गावरील गाव. तेथून अजिंठ्याची लेणी सुमारे ३०० किलोमीटर अंतरावर आहेत. भांडगाव, यवत किंवा शिरूर-दौंड परिसरातील कोणत्याही गावच्या विद्यार्थ्याला अजिंठा प्रथम भेटतो तो चित्रांतून. पुष्कळांना तो पुढेही चित्रांतूनच भेटत राहतो. पाठ्यपुस्तकाचे पान, वर्गातील प्रोजेक्टरचा पडदा आणि हातातील मोबाईल ही या भेटीची तीन ठिकाणे होत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी तिन्ही ठिकाणी तोच असतो. त्याच्या अंगकांतीचा रंग मात्र तिन्ही ठिकाणी एक नसतो. एके ठिकाणी ती गेरूसारखी तांबूस दिसते, दुसरीकडे हळदीसारखी पिवळी, तर तिसरीकडे मातकट हिरवी. यांपैकी खरा रंग कोणता, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर कलेचा, इतिहासाचा वा संगणकशास्त्राचा कोणताही एक प्राध्यापक त्याला पूर्ण उत्तर देऊ शकणार नाही. हा प्रश्न या तिन्ही विषयांच्या सीमेवर उभा आहे.

हा प्रश्न तांत्रिक आहे असे मानून तो छापखान्याच्या किंवा संगणक-केंद्राच्या स्वाधीन करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. रंग बिघडला तर दोष शाईला, कागदाला वा पडद्याला दिला जातो. अजिंठ्याच्या प्रतिमांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला असता मात्र असे दिसते की, यंत्राच्या मर्यादेपेक्षा प्रतिमा तयार करणाऱ्याच्या निर्णयांमुळे रंग अधिक बदलला आहे. आणि हे निर्णय प्रतिमेसोबत नोंदविले न गेल्यामुळे वाचकाला ते तपासता आलेले नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रतिमांचा विचार हस्तलिखितांच्या पाठांप्रमाणे केला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये आरंभ करून १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे ही दृष्टी मराठी अभ्यासकाला परिचित आहे. कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे, हे तेथे पानाच्या तळाशी दिलेले असते. रंगीत चित्राच्या तळाशी तसे काही नसते.

नकलांची परंपरा

ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ याने १८१९ मध्ये ही लेणी पाहिली आणि त्यानंतर त्यांची वार्ता बाहेर पसरली. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. गिल यांनी वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. लंडनजवळील सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडलेल्या असताना १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हे काम पुन्हा हाती घेतले. या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे प्रमुख होते. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे पाठविलेल्या या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. उरलेल्या साहित्याच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झाले. नकला दोनदा जळाव्यात आणि पंधराशे वर्षांची भिंत मात्र टिकून राहावी, हा योगायोग विलक्षण आहे.

या नकलांच्या रंगाविषयी एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. अजिंठ्याची चित्रे खऱ्या अर्थाने ‘फ्रेस्को’ नाहीत. दगडावर माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा लेप आणि तो वाळल्यानंतर डिंकासारख्या बंधद्रव्यात कालवलेले रंग, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे भिंतीचा पृष्ठभाग कोरडा व निस्तेज असतो. त्यावर प्रकाश विखुरतो. तैलरंगाचा पृष्ठभाग याच्या उलट चकाकतो आणि त्यात गडद छटा अधिक खोल दिसतात. गिल यांनी निवडलेल्या माध्यमानेच भिंतीचा रंग बदलला, मग त्यांची नजर कितीही प्रामाणिक असो. यंत्र मध्ये येण्यापूर्वीच रंगाचा पहिला पाठभेद निर्माण झाला होता.

गिल यांनी लेण्यांची छायाचित्रेही घेतली आणि जेम्स फर्ग्युसन यांच्यासह १८६४ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचा भर वास्तुशिल्पावर होता, हे बरेच झाले. त्या काळच्या कोलोडियन काचेला निळा प्रकाशच प्रामुख्याने ग्रहण होत असे. तांबडा व पिवळा रंग तिला जवळजवळ काळा भासे. ज्या भिंतीवर गेरू आणि पिवळी माती यांचेच राज्य आहे, त्या भिंतीचे अशा काचेवरील कृष्णधवल चित्र म्हणजे गडद-उजळ संबंधांचा विपर्यासच ठरला असता. कृष्णधवल छायाचित्र रंगाविषयी मौन पाळते, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. कोणता रंग किती उजळ, याविषयी तेही काही ठामपणे सांगत असते, आणि चुकीचेही सांगू शकते.

विसाव्या शतकाच्या आरंभी क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा आदी तरुण चित्रकारांच्या साहाय्याने नव्या नकला केल्या. त्या १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीतर्फे प्रसिद्ध झाल्या. हेरिंगहॅम या टेम्परा पद्धतीच्या जाणकार होत्या. चेन्निनो चेन्निनी यांच्या चित्रकलाविषयक ग्रंथाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. भिंतीचे कोरडेपण त्यांना जाणवले असल्यास नवल नाही. औंधचे अधिपती आणि स्वतः चित्रकार असलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तक प्रसिद्ध केले, ही नोंद मराठी वाचकाने विसरू नये.

या सर्व प्रयत्नांत हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांचा ‘अजंता’ हा ग्रंथ वेगळा ठरतो. त्याचे चार भाग १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५ या वर्षी प्रसिद्ध झाले. ग्रंथाच्या उपशीर्षकातच या प्रतिमा छायाचित्रणावर आधारित असल्याचा उल्लेख आहे, आणि छायाचित्रकार ई. एल. वेसी यांचे नावही अभ्यासकांना ठाऊक आहे. नकलाकाराच्या हाताऐवजी भिंगावर विसंबण्याचा हा निर्णय जाहीरपणे सांगितला गेला, हे याझदानींचे मोठेपण होय. तथापि ‘छायाचित्रावर आधारित’ या शब्दांमुळे वाचकाच्या मनात जो विश्वास निर्माण होतो, तो रंगाच्या बाबतीत कितपत सार्थ आहे, हे पाहण्यासाठी भिंतीकडेच वळावे लागते.

भिंतीचा तरी रंग कोणता?

मूळ रंग स्थिर आहे आणि नकला तेवढ्या बदलतात, असे गृहीत धरले जाते. अजिंठ्याबाबत हे गृहीतक टिकत नाही. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून एकोणिसाव्या शतकातील नकलाकारांनी मूळ चित्रांवर वॉर्निश चढविले. ओला पृष्ठभाग जसा गडद व तेजस्वी दिसतो, तशी चित्रे त्यामुळे तात्पुरती उजळली. पुढे तेच वॉर्निश पिवळे पडले. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना संवर्धनासाठी बोलाविले. त्यांनी निखळणारे गिलावे पक्के केले, ही त्यांची सेवा मान्य करावी लागते. रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी लाखेपासून बनणारे शेलॅक वापरले आणि काळाच्या ओघात तेही पिवळट-तपकिरी झाले. हे थर काढण्याचे कष्टाचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनशाखेला करावे लागले.

याचा अर्थ असा की, याझदानींचा पहिला भाग शेलॅक चढविल्यानंतरच्या भिंतीचा आहे, ग्रिफिथ्स यांच्या नकला त्याआधीच्या भिंतीच्या आहेत आणि आजचे छायाचित्र अंशतः स्वच्छ केलेल्या भिंतीचे असते. तिघांत पद्मपाणीचा रंग भिन्न दिसला तर तिघेही आपापल्या जागी खरे असू शकतात. एकाच्या मानाने दुसऱ्याला ‘विटलेला’ वा ‘भडक’ म्हणण्यापूर्वी त्यांचे वर्ष पाहणे आवश्यक आहे. संपादित चित्रसंग्रहांत मात्र ग्रिफिथ्सच्या पानावरून घेतलेली प्रतिमा आणि नवे छायाचित्र शेजारी शेजारी छापले जाते आणि दोन्हींखाली ‘पद्मपाणी, लेणे क्र. १’ एवढेच लिहिले जाते. पोथीचा काळ न सांगता पाठ देण्यासारखेच हे आहे.

युनेस्कोने १९५४ मध्ये आपल्या जागतिक कलामालेत अजिंठ्याचा मोठ्या आकाराचा खंड प्रसिद्ध केला. त्याची प्रस्तावना जवाहरलाल नेहरू यांची आणि परिचय मदनजीत सिंग यांचा होता. स्वतंत्र भारताच्या कलेची जगाला ओळख करून देणारा हा ग्रंथ. अशा ग्रंथात चित्रे उजळ व ठसठशीत दिसावीत ही अपेक्षा स्वाभाविकच असते. ग्रंथाचा हेतू रंगाच्या निवडीत उतरतो, हे मान्य केल्यास असे खंड अधिक सजगपणे वाचता येतील. त्यात त्यांचा अवमान नाही.

बेहल यांची छायाचित्रे

या परंपरेत बेनॉय बेहल यांच्या छायाचित्रांचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. १९९१ मध्ये त्यांनी प्रखर दिवे टाळून, मंद प्रकाशात दीर्घ काळ भिंग उघडे ठेवून अजिंठ्याची चित्रे टिपली. १९९८ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि अजिंठ्याच्या रंगांची लोकमानसातील प्रतिमाच पालटली. त्याआधीच्या बऱ्याच छायाचित्रांत दिव्याचा झोत एका बाजूला पडून भिंतीचा खडबडीतपणा वर येई, मध्यभाग उजळ व कडा काळ्या होत. बेहल यांच्या छायाचित्रांत प्रकाश समप्रमाणात पसरलेला आहे. त्यामुळे वळणदार रेषा, डोळ्यांच्या कडेची छटा, मुकुटातील बारीक काम ही सारी दिसू लागतात. चित्राला इजा न करता ते पाहण्याची नीतीही त्यांच्या पद्धतीत आहे. या कामाचे मोल निर्विवाद आहे.

प्रश्न उरतो तो ‘खरे रंग प्रथमच दिसले’ या सर्रास केल्या जाणाऱ्या विधानाचा. मंद प्रकाशात मानवी डोळा रंग कमी पाहतो. प्रकाश जसजसा घटतो तसतसे तांबडे आधी काळवंडतात आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ वाटतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने ही घटना ओळखली जाते. दीर्घ काळ उघडे राहिलेल्या भिंगाला ही मर्यादा नाही. ते क्षणाक्षणाचा प्रकाश साठवीत राहते आणि शेवटी दिवसाच्या उजेडात पाहिल्यासारखा गेरू देते. म्हणजे लेण्यात उभ्या असलेल्या कोणत्याही माणसाला जसा दिसला नसता तसा रंग बेहल यांच्या पानावर दिसतो. तो खोटा नाही. भिंतीवरील रंगद्रव्याशी तो एकनिष्ठ आहे. पाहणाऱ्याच्या अनुभवाशी नाही. या दोन निष्ठांपैकी एकीची निवड येथे झाली आहे, एवढेच म्हणावयाचे. याशिवाय त्या काळच्या फिल्मच्या तीन थरांची संवेदनशीलता दीर्घ प्रकाशनात सारख्या गतीने घटत नाही, त्यामुळे रंगात एखादी झाक येते आणि ती गाळण्या वापरून वा छपाईपूर्व टप्प्यावर सुधारावी लागते. ही सुधारणा कोणत्या आधारावर झाली, हे वाचकासाठी महत्त्वाचे आहे. ग्रंथाची अनेक समीक्षणे रंगांच्या तेजाने भारावून जातात. या आधाराची विचारणा मात्र क्वचितच होते.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. छपाईचे प्रूफ तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने (आयएसओ ३६६४) ५००० केल्विन इतक्या वर्णतापमानाचा आणि सुमारे २००० लक्स तीव्रतेचा प्रकाश सांगितला आहे. संवेदनशील रंगचित्रांसाठी वस्तुसंग्रहालयांत सामान्यतः ५० लक्सची मर्यादा पाळली जाते. म्हणजे भिंतीवरील चित्राला जेवढा उजेड सोसावा, त्याच्या चाळीसपट उजेडात त्याच्या छापील प्रतीचा निवाडा होतो. दोन्ही ठिकाणी पाहणारा डोळा एकच असला तरी त्याची रंगग्रहणाची अवस्था एक नसते.

संख्या, पडदा आणि शाई

संगणकाच्या आगमनानंतर रंगाला संख्यारूप मिळाले आणि त्याबरोबर अचूकतेचा एक नवा भ्रमही आला. चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा यांच्या तीन संख्या साठविल्या जातात. संख्या बदलल्या नाहीत म्हणजे रंग बदलला नाही, असे समजले जाते. वस्तुतः ‘तांबडा २००’ ही संख्या स्वतःपुरती काहीच सांगत नाही; कोणता तांबडा, किती तेजाचा, कोणत्या पांढऱ्याच्या तुलनेत, हे ठरल्याशिवाय तिला अर्थ येत नाही. ‘दोन कोस’ म्हटल्यावर कोणत्या प्रांताचा कोस, असे विचारावे लागे, तसेच हे आहे.

हा अर्थ निश्चित करण्याचा पाया १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने मानवी दृष्टीच्या मापनावरून घातला. १९९३ मध्ये संगणक व छायाचित्रण क्षेत्रांतील कंपन्यांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय रंग संघटना (आयसीसी) स्थापन केली. प्रत्येक कॅमेरा, पडदा आणि छपाईयंत्र यांचे रंगवर्तन एका छोट्या फाइलमध्ये नोंदवावे व ती चित्रासोबत जोडावी, अशी तिची योजना. या फाइलला ‘प्रोफाइल’ म्हणतात. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिकाचे नाव, शक, गाव सांगणारी पुष्पिका असते. प्रोफाइल ही चित्राची पुष्पिका होय. १९९६ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी सर्वसाधारण पडद्यांसाठी ‘एसआरजीबी’ ही रंगव्यवस्था मांडली आणि १९९९ मध्ये तिला मानकाचा दर्जा मिळाला. १९९८ ची ‘अ‍ॅडोबी आरजीबी’ ही व्यवस्था छपाईतील निळे-हिरवे सामावून घेण्यासाठी तिच्याहून विस्तृत करण्यात आली.

गोंधळ होतो तो येथे. एखाद्या छायाचित्रकाराने अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये काम करून चित्र संकेतस्थळावर पाठविले आणि वाटेत त्याचे प्रोफाइल गळाले, तर पाहणाऱ्याचा संगणक त्या संख्या एसआरजीबीच्या समजून वाचतो. गेरूचा तांबूसपणा उतरतो, अंगकांती राखाडी होते. उलट दिशेने चूक झाली तर तोच गेरू शेंदरासारखा भडक होतो. मोबाईलवरून एकाकडून दुसऱ्याकडे फिरणारी चित्रे पुनःपुन्हा दाबली जातात आणि त्यांच्यासोबतची नोंद गळत जाते. पुष्पिका फाटलेल्या पोथीसारखी ती कुळगोत्राविना हिंडतात. आजचे प्रमुख ब्राउझर प्रोफाइल वाचतात, परंतु जे जोडलेलेच नाही ते कोण वाचणार?

छपाईचा प्रांत याहून निराळा आहे. पडदा प्रकाश मिसळतो. कागद प्रकाश शोषतो. निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांच्या चार प्लेटांतून रंग उभा राहतो. ५० टक्क्यांचा ठिपका लेपित आर्ट पेपरवर पसरून सुमारे ६५ टक्क्यांइतका दिसतो. मॅपलिथोवर त्याहून अधिक पसरतो. वृत्तपत्राच्या कागदाला चारही शायांची बेरीज साधारण २४० टक्क्यांपलीकडे झेपत नाही, तर चांगला लेपित कागद ३०० टक्के सहज पेलतो. म्हणून एकाच चित्राचे प्रत्येक कागदासाठी वेगळे पृथक्करण करावे लागते. संपादन-प्रणालीत मुळातच ठरवून दिलेले, परदेशी यंत्रांसाठीचे प्रोफाइल तसेच राहू देऊन फाइल छापखान्यात धाडण्याची सवय आपल्याकडे अनेकदा आढळते. त्यानंतर यंत्रावरील कारागीर शाई कमी-अधिक करून रंग ‘जमवितो’. त्याच्या नजरेची तारीफच करावी लागेल. पण त्याच्यासमोर मूळ काय होते? बहुधा एखादा पडदा किंवा जुने पुस्तक.

आता अजिंठ्याच्या रंगपटाकडे पाहावे. तांबडी व पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि अफगाणिस्तानातील बदख्शानहून येणारा लाजवर्द, एवढाच तो आहे. लाजवर्द सोडला तर हे सारे भूमिवर्ण आहेत, संयत आणि मध्यम तेजाचे. ते एसआरजीबीच्या मर्यादेत बसतात आणि आर्ट पेपरवरील चार शायांच्या मर्यादेतही बसतात. लाजवर्दाचा गडद निळा तेवढा सीमेजवळ जातो. निळी आणि किरमिजी शाई मिळून तो छापताना जांभळ्याकडे झुकतो. अर्थात, पद्मपाणीची अंगकांती पडद्यावर वा कागदावर चुकीची दिसण्यास यंत्राची असमर्थता हे कारण पुरेसे नाही. झेंडूचा किंवा पैठणीचा रंग छापता येत नाही अशी तक्रार समजण्यासारखी आहे. गेरूबाबत ती करता येणार नाही. गेरू चुकला असेल तर कोणीतरी तो चुकविलेला आहे: कोणी पांढऱ्याची निवड वेगळी केली, कोणी तेज वाढविले, कोणी प्रोफाइल काढून टाकले, कोणी जुन्या पानाला मूळ मानले.

महाराष्ट्रात रंगीत छपाईची परंपरा लहान नाही. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ चा, तर राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ चा. तेथे एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करणाऱ्या कारागिराला मूळ चित्रातला रंग आपण कोठे सोडला आणि कोठे धरला, हे हाताने करताना कळत होते. संगणकातील एका कळीसरशी होणाऱ्या पृथक्करणात हे निर्णय प्रणालीत दडलेले असतात. मर्यादेबाहेरचे रंग कसे आत ओढावेत, यासाठी आयसीसीने चार पद्धती सांगितल्या आहेत: दृश्यसंबंध राखणारी, सापेक्ष मापन राखणारी, निरपेक्ष मापन राखणारी आणि तेज राखणारी. ऐतिहासिक चित्रासाठी यांपैकी कोणती निवडावी, ही संगणक-चालकाने एकट्याने ठरविण्याची बाब नव्हे. कागदाचा पिवळटपणा चित्राचा भाग मानावा की न मानावा, हा प्रश्न कलेतिहासाचा आहे.

भुलेश्वरचा काळा दगड

भांडगावच्या शिक्षकाला अजिंठ्याची भिंत समोर ठेवून पुस्तकातील चित्र ताडून पाहता येत नाही. यवतजवळील डोंगरावरचे भुलेश्वराचे यादवकालीन मंदिर मात्र त्याच्या आवाक्यात आहे. तेथील काळ्या बसाल्टातील शिल्पे रंगाच्या परीक्षेसाठी चित्रांपेक्षा अधिक कठोर कसोटी ठरतात. गेरू थोडा पिवळा झाला तर डोळा तो सोसतो. राखाडी दगड किंचित गुलाबी झाला तर लगेच खटकतो. छपाईत निव्वळ राखाडी उभा करण्यासाठी तीन रंगीत शाया सम प्रमाणात चालत नाहीत. निळी ५० टक्के असेल तर किरमिजी व पिवळी सुमारे ४० टक्के ठेवावी लागते, कारण प्रत्यक्षातील शाया आदर्श नसतात. किरमिजी दोन-तीन टक्के वाढली की शिळा लालसर होते. म्हणून दगडी शिल्पांच्या छपाईत रंगीत शायांचा वाटा घटवून काळ्या शाईवर भार देण्याची पद्धत हितकर ठरते.

अशा मंदिराचे छायाचित्र घेताना शिल्पाशेजारी २४ चौकोनांची रंगपट्टिका ठेवून एक चित्र घ्यावे, त्यावरून पांढरा ठरवावा, पडदा मोजून घ्यावा आणि छपाईचे प्रूफ मंदिरात नेऊन शिल्पासमोर धरावे. ही पट्टिका १९७६ पासून प्रचारात आहे. वाणिज्य, विज्ञान व कला या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र घेऊन हे काम कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयास करता येईल. मूळ वस्तू समोर असताना कोणत्या टप्प्यावर रंग किती सरकला, हे त्यातून प्रत्यक्ष कळते: कॅमेऱ्यात, पडद्यावर, पृथक्करणात की कागदावर. मूळ दूर असणाऱ्या अजिंठ्याच्या चित्राकडे असा विद्यार्थी पुन्हा वळेल तेव्हा ‘कोणता रंग खरा’ असे न विचारता, ‘ही प्रतिमा कोणत्या वर्षीच्या भिंतीची, कोणत्या प्रकाशातली आणि कोणत्या कागदासाठी केलेली’ असे विचारील.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर आहे. बालभारतीची पुस्तके छापील स्वरूपात आणि पीडीएफ रूपात अशी दोन्ही प्रकारे उपलब्ध असतात. एकच विद्यार्थी सकाळी वर्गात पान पाहतो आणि संध्याकाळी तेच पान मोबाईलवर. दोन्हींतला फरक त्याच्या लक्षात येतोच. त्याचे स्पष्टीकरण मात्र त्याला मिळत नाही आणि तो दोन्हींवरचा विश्वास काही अंशी गमावतो. चित्राखालील ओळीत लेणे क्रमांकासोबत छायाचित्राचे वर्ष, प्रतिमा भिंतीवरून घेतली की नकलेवरून, आणि नकलेवरून असल्यास कोणाच्या, एवढी माहिती देण्यास फार जागा लागत नाही. ग्रिफिथ्सचे पान घेतले असेल तर ‘ग्रिफिथ्स, १८९६’ हे दोन शब्द पुरेत.

महाविद्यालयीन नियतकालिकांनाही हाच नियम लागू व्हावा. शिल्प, चित्र, नाणी, हस्तलिखिते यांवरील लेखांसोबत येणारी छायाचित्रे बहुधा मॅपलिथोवर कृष्णधवल छापली जातात आणि संकेतस्थळावर रंगीत ठेवली जातात. लेखकाने तिसऱ्या प्रतीवरून, म्हणजे स्वतःच्या पडद्यावरून, रंगाविषयी विधान केलेले असते. परीक्षकाकडे मजकूर तपासण्यासाठी निकष असतात. ‘वस्त्राचा रंग पिवळसर हिरवा आहे’ या वाक्यामागे कोणती प्रतिमा आहे, हे विचारण्याची पद्धत नाही. पद्मपाणीच्या अंगकांतीवरून वंश, प्रदेश वा प्रतीक यांविषयी अनुमाने करणाऱ्या लेखांत तर ही विचारणा पहिल्याच वाचनात व्हावयास हवी.